सर्टिफिकेशन परीक्षेतले अवघड प्रश्नप्रकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्टिया (ए प्लस, नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस), सिस्कोची सीसीएनए, मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर परीक्षा आणि एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) या चार कंपन्यांच्या परीक्षांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. अभ्यासक्रमात काय आहे हे इथे सांगितलेलं नाही. विषय येत असूनही प्रश्नाच्या मांडणीमुळे गुण जातात, ते वाचवण्यासाठी हे पान आहे.

१. चार पर्यायांतला एक निवडा, याशिवाय आणखी काय येतं?

बरंच काही. एकापेक्षा जास्त बरोबर पर्याय निवडणं, जोड्या लावणं, पायऱ्या क्रमाने मांडणं, चित्रावर योग्य जागी क्लिक करणं, ड्रॉपडाउनमधून मूल्य भरणं, आणि प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन करून दाखवणं. या शेवटच्या प्रकाराला कॉम्प्टिया 'परफॉर्मन्स-बेस्ड' म्हणते, बोलताना सगळे 'पीबीक्यू' म्हणतात. सीसीएनएमध्ये त्याला लॅब किंवा सिम म्हणतात. मायक्रोसॉफ्टकडे याखेरीज केस स्टडी आणि एकाच प्रसंगावरची हो-नाही मालिका असते. एडब्ल्यूएसच्या असोसिएट परीक्षांत बहुतांश एक उत्तर किंवा अनेक उत्तरं असतात. त्यांच्या काही नव्या परीक्षांत क्रम लावणं आणि जोड्या लावणंही आलं आहे.

२. उत्तर चुकलं तर गुण कापतात का?

नाही. या चारही ठिकाणी निगेटिव्ह मार्किंग नाही. कोरा सोडलेला प्रश्न चूक धरला जातो, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

३. पास व्हायला ७०० लागतात, म्हणजे ७० टक्के का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. हे गुण मोजपट्टीवर बसवलेले असतात. मायक्रोसॉफ्टची पट्टी १ ते १००० आणि पासची रेषा ७००. एडब्ल्यूएसची १०० ते १०००. क्लाउड प्रॅक्टिशनरला ७००, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटला ७२०. कॉम्प्टियाची १०० ते ९००. ए प्लस कोअर १ ला ६७५, कोअर २ ला ७००, नेटवर्क प्लसला ७२०, सिक्युरिटी प्लसला ७५०. सिस्को पासची रेषा जाहीर करत नाही. सगळ्या प्रश्नांचं वजन सारखं नसतं आणि काही प्रश्न तर मोजलेच जात नाहीत (प्र. १५ पाहा). त्यामुळे 'माझे इतके बरोबर आले, म्हणजे इतके गुण' हा हिशेब परीक्षा चालू असताना करू नका. त्याने फक्त धीर सुटतो.

४. मागे जाऊन उत्तर बदलता येतं का?

हे परीक्षेला बसण्याआधीच पक्कं माहीत हवं, कारण वेळेची सगळी आखणी यावर ठरते.

सिस्को : नाही. 'नेक्स्ट' दाबलं की तो प्रश्न संपला. लॅबलाही हेच लागू.

कॉम्प्टिया : हो. प्रश्न फ्लॅग करून ठेवता येतो आणि शेवटी रिव्ह्यूच्या पानावरून परत जाता येतं. काही वरच्या परीक्षांत खऱ्या व्हर्च्युअल मशीनवरचे प्रश्न असतात आणि ते एका बैठकीतच पुरे करावे लागतात. तशी सूचना पडद्यावर येते, ती वाचल्याशिवाय बाहेर पडू नका.

एडब्ल्यूएस : हो, फ्लॅग करून परत येता येतं.

मायक्रोसॉफ्ट : इथे मिश्रण आहे. साध्या विभागातल्या प्रश्नांवर परत येता येतं. हो-नाही मालिकेत येता येत नाही (प्र. १०). केस स्टडीचा विभाग बंद केला की तोही कायमचा बंद. मधे विश्रांती घेतली तर त्याआधी पाहिलेल्या प्रश्नांवर परत जाता येत नाही आणि घड्याळही थांबत नाही. बाथरूमला जायचंच असेल तर फ्लॅग केलेले प्रश्न आधी निकाली काढा.

५. कॉम्प्टियाच्या पेपरात पीबीक्यू सुरुवातीलाच येतात. आधी तेच सोडवू की शेवटी?

आमचं मत स्पष्ट आहे : बहुतेकांनी शेवटी. ए प्लस, नेटवर्क प्लस आणि सिक्युरिटी प्लस या तिन्ही परीक्षांत ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. समजा चार पीबीक्यू आले आणि प्रत्येकाला सहा मिनिटं लागली, तर २४ मिनिटं गेली. उरलेल्या ६६ मिनिटांत साधारण ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५३ सेकंद. हे जमतं. पण पहिल्याच पीबीक्यूवर अडकून १५ मिनिटं गेली की पुढचे सोपे प्रश्नही घाईत चुकतात.

म्हणून असं करा. पहिला पीबीक्यू उघडा, काय मागितलंय ते वाचा, बघताक्षणी सुटत असेल तर सोडवा. नसेल तर जे येतंय तेवढं भरा, फ्लॅग करा आणि पुढे जा. अर्धवट भरण्याचं कारण असं की काही पीबीक्यूंना अंशतः गुण मिळतात. मधल्या साध्या प्रश्नांत कधीकधी एखादा पोर्ट किंवा प्रोटोकॉल आठवून देणारा उल्लेखही सापडतो. घड्याळात ३० मिनिटं उरलेली असताना पीबीक्यूंवर परत या, १० मिनिटं उरेपर्यंत थांबू नका.

'रीसेट'चं बटण जपून वापरा. ते त्या प्रश्नातलं सगळं काम पुसतं, फक्त शेवटची चूक नव्हे.

६. पीबीक्यूत नक्की काय करायला लावतात? फायरवॉलचं उदाहरण द्याल का?

चित्र असतं, प्रसंग असतो आणि भरायची कोष्टकं असतात. समजा, १०.०.१.१० हा वेब सर्व्हर आहे. बाहेरून कुणालाही त्याच्यावर फक्त एचटीटीपीएस मिळायला हवं. १०.०.५.०/२४ या अ‍ॅडमिनच्या नेटवर्कवरून एसएसएच (दुरून सर्व्हरवर कमांड चालवण्याची सुरक्षित पद्धत) चालायला हवं. बाकी सगळं बंद.

नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळतो तो लागू होतो. म्हणून पहिली ओळ : स्रोत कुणीही, गंतव्य १०.०.१.१०, टीसीपी ४४३, परवानगी. दुसरी : स्रोत १०.०.५.०/२४, गंतव्य १०.०.१.१०, टीसीपी २२, परवानगी. शेवटची : कुणीही, कुठेही, नकार.

गुण जातात ते चार ठिकाणी. नकाराचा नियम वर टाकला तर खालचे दोन्ही निरुपयोगी ठरतात. एसएसएचच्या ओळीत स्रोत 'कुणीही' ठेवला तर काम चालतं, पण मागणी मोडते. वेब म्हटलं की हाताला सवयीने ८० लिहिलं जातं. आणि टीसीपी-यूडीपीचा ड्रॉपडाउन आधी जे होतं तेच ठेवून माणूस पुढे जातो. डीएनएसचा साधा प्रश्न यूडीपी ५३ वर जातो, हे इथेच विसरलं जातं.

सोडवून झालं की प्रसंगातलं एकेक वाक्य बोटाने धरा आणि त्याला उत्तर देणारी ओळ दाखवा. एखाद्या वाक्याला ओळ सापडली नाही, तर काहीतरी राहिलंय. उलट एखाद्या ओळीला वाक्य सापडलं नाही, तर ती ओळ जास्तीची आहे.

७. सीसीएनएच्या लॅबमध्ये कमांड बरोबर देऊनही गुण का जातात?

कारण कमांड बरोबर असते, पण तिचा परिणाम मागणीपेक्षा वेगळा होतो. सगळ्यात ठळक उदाहरण ट्रंकचं, म्हणजे अनेक व्हीलॅनची (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं) वाहतूक नेणाऱ्या जोडणीचं. ट्रंकवर व्हीलॅन १० आणि २० आधीपासून चालू आहेत आणि तुम्हाला ३० वाढवायचंय. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' असं दिलंत तर यादीत ३० एवढंच उरतं, १० आणि २० गळतात. 'व्हीलॅन अ‍ॅड ३०' असं द्यायला हवं. एका शब्दाचा फरक, आणि चालू असलेलं नेटवर्क तुटतं. प्रत्यक्ष नोकरीतही ही चूक अशीच महागात पडते, म्हणून ती हातातून कायमची जायला हवी.

दुसरी जागा वाइल्डकार्ड मास्क, म्हणजे सबनेट मास्कचं उलटं रूप. ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये /२६ साठी ०.०.०.६३ लागतं, तिथे सवयीने २५५.२५५.२५५.१९२ लिहिलं जातं. तिसरी : राउटरच्या इंटरफेसला पत्ता दिला, पण 'नो शटडाउन' राहिलं. चौथी आणि सर्वांत हळहळ लावणारी : कॉन्फिगरेशन सेव्हच केलं नाही. सूचनांमध्ये सेव्ह करायला सांगितलेलं असतं, पण ते वाचायला कुणी थांबत नाही. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' प्रत्येक बदललेल्या उपकरणावर द्या.

क्रम असा ठेवा. सूचना, टोपॉलॉजी आणि कामांची यादी हे तिन्ही टॅब आधी वाचा. मग 'शो' कमांडने आधीचं कॉन्फिगरेशन बघा. एकेक काम करा आणि लगेच तपासा : 'शो इंटरफेसेस ट्रंक', 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ', 'शो आयपी ओएसपीएफ नेबर'. पिंगमध्ये पहिलं पाकीट पडलं आणि पुढची गेली, तर घाबरून कॉन्फिगरेशन बदलू नका. एआरपीला (पत्त्यावरून समोरचं उपकरण शोधणारी विचारणा) उत्तर येईपर्यंत पहिलं पाकीट पडणं नेहमीचं आहे. होस्टनेम आणि पासवर्डला, सांगितलं नसेल तर, हात लावू नका. आणि 'नेक्स्ट' दाबण्याआधी प्र. ४ आठवा.

८. चारही पर्याय बरोबर वाटतात. मग 'बेस्ट', 'फर्स्ट', 'मोस्ट' असं विचारलं की काय करायचं?

हे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, तरी डोळा त्यांच्यावरून घसरतो. उपाय साधा आहे : लांबलचक प्रसंग वाचायच्या आधी शेवटचं वाक्य वाचा. काय शोधायचं ते कळलं की प्रसंगातल्या कामाच्या गोष्टी आपोआप वर येतात.

'फर्स्ट' असेल तर प्रश्न क्रमाचा आहे, उपायाचा नव्हे. ए प्लसमध्ये मालवेअर काढण्याचा क्रम ठरलेला आहे : लक्षणं तपासून खात्री करणं, मग संसर्ग झालेलं मशीन वेगळं काढणं, मग विंडोजमधलं सिस्टम रिस्टोअर बंद करणं, आणि त्यानंतर सफाई. प्रसंगात 'तंत्रज्ञाने मालवेअर असल्याची खात्री केली आहे' असं लिहिलेलं असेल, तर पहिली पायरी झालेली आहे आणि उत्तर मशीन वेगळं काढणं हे आहे. 'अँटिव्हायरस स्कॅन चालवा' हा पर्याय चुकीचा नाही, पण त्याची पाळी अजून आलेली नाही.

'मोस्ट कॉस्ट-इफेक्टिव्ह' असेल तर आधी अटी, मग पैसा. एडब्ल्यूएसचं उदाहरण घ्या. जुनी कागदपत्रं क्वचित लागतात, पण मागितल्यावर ६ तासांच्या आत मिळायला हवीत. सर्वांत स्वस्त काय? एस३ ग्लेशियर डीप आर्काइव्ह सर्वांत स्वस्त, पण त्यातून नेहमीच्या पद्धतीने माहिती परत मिळायला १२ तासांपर्यंत लागतात. ते बाद. ग्लेशियर फ्लेक्सिबल रिट्रीव्हलमधून नेहमीच्या पद्धतीने ३ ते ५ तासांत मिळते. तेच उत्तर. प्रसंगात '६ तास' हा आकडा उगाच दिलेला नसतो. असा कुठलाही आकडा दिसला की तो एखाद्या पर्यायाला मारण्यासाठी आहे असं धरून चाला.

'लीस्ट ऑपरेशनल ओव्हरहेड' म्हणजे आपल्या माणसांना कमीत कमी सांभाळावं लागेल असं. तिथे स्वतः सर्व्हर उभारून त्यावर डेटाबेस टाकण्यापेक्षा कंपनीने चालवलेली सेवा बहुधा बरोबर ठरते, महाग असली तरी. 'नॉट' आणि 'एक्सेप्ट' असेल तर प्रत्येक पर्यायापुढे मनात 'खरं' किंवा 'खोटं' म्हणा आणि एकटा उरलेला घ्या.

९. 'चूज टू' असेल आणि एकच बरोबर आला, तर अर्धे गुण मिळतात का?

परीक्षेनुसार. मायक्रोसॉफ्टमध्ये 'प्रत्येक योग्य निवडीला एक गुण' असं प्रश्नाखाली लिहिलेलं असतं, तिथे अंशतः गुण मिळतात. एडब्ल्यूएसमध्ये सगळे योग्य पर्याय निवडले तरच गुण.

त्याहून महत्त्वाचं एक वाक्य याच प्रश्नांत असतं. मायक्रोसॉफ्ट कधी म्हणतं, 'प्रत्येक उत्तर म्हणजे उपायाचा एक भाग'. तिथे निवडलेले पर्याय एकमेकांना जोडून काम पुरं व्हायला हवं. कधी म्हणतं, 'प्रत्येक उत्तर म्हणजे संपूर्ण उपाय'. तिथे प्रत्येक पर्याय एकट्याने पुरेसा हवा. पर्याय तेच असले तरी या वाक्यावरून उत्तर बदलतं. एडब्ल्यूएसमध्ये 'कॉम्बिनेशन ऑफ स्टेप्स' असं आलं की पहिल्या प्रकारचा प्रश्न समजा.

गोल बटण म्हणजे एकच उत्तर, चौकोन म्हणजे अनेक. वाचताना 'टू' सुटलं तरी चौकोन दिसतात.

१०. मायक्रोसॉफ्टची हो-नाही मालिका काय असते? सलग तीन वेळा 'नो' आलं तर काही चुकलं का?

नाही. प्रसंग तोच राहतो, दर प्रश्नात नवा उपाय सुचवतात, आणि त्याने उद्दिष्ट साधतं का एवढंच विचारतात. एकाहून अधिक उपाय बरोबर असू शकतात आणि एकही बरोबर नसू शकतो, हे तिथेच लिहिलेलं असतं. म्हणून 'आता तरी एक यस यायला हवा' हा विचार घातक आहे.

उदाहरणार्थ, उद्दिष्ट असं : एका वापरकर्त्याला रिसोर्स ग्रुपवर इतरांना भूमिका नेमून देता यायला हव्यात. उपाय १, त्याला कॉन्ट्रिब्युटर करा. नाही, कॉन्ट्रिब्युटर बहुतेक सगळं करू शकतो, पण भूमिका देऊ शकत नाही. उपाय २, यूझर अ‍ॅक्सेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. हो. उपाय ३, ओनर करा. हेही हो. पण उद्दिष्टात 'कमीत कमी अधिकार देऊन' हे शब्द असते तर तिसरं उत्तर 'नाही' झालं असतं. उपायाचं वजन उद्दिष्टातल्या शब्दांवर करा, मागच्या प्रश्नाच्या उत्तरावर नाही.

११. क्रम लावा आणि जोड्या लावा, यात फसगत कुठे होते?

डाव्या बाजूला सहा तुकडे आणि उजवीकडे चार जागा असतील, तर दोन तुकडे मुद्दाम चुकीचे घातलेले आहेत. जोड्यांमध्ये एकच पर्याय दोनदा वापरता येतो का, हे वरच्या सूचनेत असतं. ते न वाचता 'एकाला एक' असं धरणं ही नेहमीची चूक. पायऱ्या लावताना पहिली आणि शेवटची आधी ठेवा. काय अस्तित्वात असल्याशिवाय पुढचं करता येत नाही, हे विचारत मधलं भरा. सबनेट नसेल तर मशीन कुठे ठेवणार, मशीन नसेल तर त्याला डिस्क कशी जोडणार, अशा प्रकारे. कधी दोन क्रम चालतात. मायक्रोसॉफ्ट तसं सांगतं आणि दोन्हींना गुण देतं.

१२. केस स्टडीत चार-पाच टॅब असतात. सगळं वाचू का?

आधी प्रश्न, मग मजकूर. 'रिक्वायरमेंट्स'चा टॅब मात्र पूर्ण वाचा, कारण तिथल्या एखाद्या ओळीने निम्मे पर्याय बाद होतात. कंपनीचा परिचय वरवर पाहिला तरी चालतो.

१३. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेत लर्न हे त्यांचंच माहिती-संकेतस्थळ उघडता येतं म्हणे. मग पाठांतर कशाला?

असोसिएट आणि एक्स्पर्ट पातळीच्या परीक्षांत ते २०२३ पासून उघडता येतं. एझेड-९०० सारख्या फंडामेंटल्स परीक्षांत नाही. पण घड्याळ चालूच राहतं. एखाद्या सेवेची मर्यादा किंवा कमांडचा नेमका पॅरामीटर बघायला ते उपयोगी आहे, संकल्पना शिकायला नाही. सराव करतानाच त्यात शोधायची सवय लावा. कुठल्या शब्दाने शोधलं की नेमकं पान येतं, हेही एक कौशल्य आहे. पेपरभर मिळून चार-पाच वेळांपेक्षा जास्त उघडावं लागत असेल, तर तयारी कमी आहे.

१४. शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, इंग्रजी वाचायला वेळ लागतो. काही सवलत आहे का?

आहे, आणि फार थोडे जण ती घेतात. एडब्ल्यूएस इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना ३० मिनिटं वाढवून देतं. आपल्या सर्टिफिकेशन खात्यातून ही मागणी परीक्षेची वेळ बुक करण्याआधी करायची. नंतर केली तर आधीच्या बुकिंगला ती लागत नाही. मायक्रोसॉफ्टमध्येही परीक्षा आपल्या भाषेत उपलब्ध नसेल तर जादा वेळ मागता येतो. तोही आधीच मंजूर करून घ्यायचा.

घरून परीक्षा देणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच. पुटपुटत वाचायची सवय अनेकांना असते. पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या ऑनलाइन परीक्षेत मोठ्याने वाचणं किंवा ओठ हलवत राहणं नियमात बसत नाही आणि इशारा मिळतो. मनात वाचायचा सराव आधीच करा. घरी कागद-पेनही चालत नाही, पडद्यावरचा व्हाइटबोर्ड वापरावा लागतो. माउसने आकडे लिहिणं वेळखाऊ असतं. सबनेटिंगची बरीच गणितं असतील तर परीक्षा केंद्रावर मिळणारी पुसता येणारी पाटी बरी. घड्याळ सुरू झाल्यावर तिच्यावर पहिल्या मिनिटात /२५ ते /३० खाली १२८, ६४, ३२, १६, ८, ४ एवढं लिहून ठेवा. वापरता येणारे पत्ते हवे असतील तर दोन वजा, म्हणजे /२६ ला ६२.

१५. अभ्यासक्रमात नसलेलाच प्रश्न आला. तक्रार करू का?

आधी पुढे जा. एडब्ल्यूएसच्या असोसिएट परीक्षांतल्या ६५ प्रश्नांपैकी १५ मोजलेच जात नाहीत. ते पुढच्या परीक्षांसाठी तपासून पाहण्याकरता घातलेले असतात. इतरही कंपन्या असे प्रश्न घालतात. कोणते ते ओळखू येत नाहीत, म्हणून प्रत्येकाला उत्तर द्या, पण अनोळखी प्रश्नावर दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. सिम्युलेशन अडकलं किंवा पडदा गोठला तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा तिथल्या तिथे पर्यवेक्षकाला सांगा आणि नोंद करायला लावा. परीक्षा संपवून बाहेर आल्यावर सांगितलं तर सिद्ध करणं कठीण होतं.

१६. डंप्स पाठ करून लोक पास होतात. आम्ही का करू नये?

चोरलेले प्रश्न वापरणं हा परीक्षेआधी मान्य केलेल्या कराराचा भंग आहे. सापडल्यास निकाल रद्द होतो आणि पुढे बंदी येऊ शकते. तयारी म्हणूनही ते कुचकामी आहेत. बरीच उत्तरं चुकीची असतात आणि प्र. ८ मधल्या '६ तास'च्या जागी 'एक दिवस' आला की पाठ केलेलं उत्तर उलटं पडतं.

त्याऐवजी हात चालवा. सीसीएनएला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं. ए प्लसला व्हर्च्युअलबॉक्सवर विंडोज आणि लिनक्स टाका. अ‍ॅझ्युअर आणि एडब्ल्यूएसवर सुरुवातीच्या मोफत मर्यादेत सराव करा, पण पहिल्याच दिवशी खर्चाची सूचना लावा आणि काम झालं की रिसोर्स पुसून टाका. रोज एक लॅब मोडून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त करा. सिम्युलेशनचे प्रश्न बहुधा असेच असतात : काहीतरी आधीच बिघडवून ठेवलेलं.

१७. नापास झालो. लगेच परत देऊ का?

नियम वेगवेगळे आहेत. कॉम्प्टियात दुसऱ्या प्रयत्नासाठी थांबावं लागत नाही, तिसऱ्यापासून १४ दिवस. मायक्रोसॉफ्टमध्ये पहिल्यांदा २४ तास, पुढे दर वेळी १४ दिवस, आणि १२ महिन्यांत पाच प्रयत्न. एडब्ल्यूएसमध्ये १४ दिवस. सिस्कोत पाच दिवस. फी मात्र दर वेळी पूर्ण.

त्याच संध्याकाळी एक काम करा : कोणत्या प्रकारच्या प्रश्नांवर वेळ गेला आणि कुठे दोन पर्यायांत अडकलात ते लिहून काढा. प्रश्न जसेच्या तसे लिहू नका, करारात ते बसत नाही. विषय आणि प्रकार एवढंच. मग गुणपत्रकातल्या विभागवार निकालाशी ते ताडून पाहा. विभाग कच्चा असेल तर अभ्यास वाढवा. विभाग सगळे बरे असून थोडक्यात राहिलं असेल, तर अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून उघडू नका. घड्याळ लावून प्र. ५, ७ आणि ८ मधल्या प्रकारांचा दहा दिवस सराव करा आणि मग तारीख घ्या.